हवेचा आकडा

४ जुलै

प्रिय दादा,

तुमच्या ऑफिसातून निघालेली खोकी अखेर आमच्या शाळेत पोचली. नऊ टॅबलेट, भिंतीवर लावायचा एक मोठा पडदा आणि ती निळी शोधपेटी. मुख्याध्यापकांनी खोकी स्वतःच्या हातांनी फोडली. एरवी खडूचा डबासुद्धा शिपाईकाकांनाच उघडावा लागतो. थर्माकोलचे दाणे वर्गभर उडाले आणि माझी चौथीची सत्तावीस पोरं त्यांच्या मागे. विज्ञानाचा पहिला तास थर्माकोल गोळा करण्यात गेला.

फोन का केला नाहीस म्हणून रुसू नकोस. फोनवर तू 'हं, हं' करत दुसऱ्या हाताने टाइप करत असतोस, ती टकटक मला इकडे ऐकू येते. पत्र धरायला तरी माणसाला दोन्ही हात लागतात. अण्णा गेल्यापासून आपण लिहितो आहोत, ते चालू राहू दे.

आता पेटीबद्दल. प्रकाशाच्या भोकावर एकाने तळवा ठेवला आणि पडद्यावरचा आकडा धाडकन शून्यावर आला. वर्ग असा ओरडला की शेजारच्या तिसरीच्या बाई धावत आल्या. पंधरा वर्षं मी फळ्यावर थर्मामीटर काढते आणि पोरं ते वहीत उतरवतात. यंदा पहिल्यांदा त्यांच्या हातात खरा आकडा आला. मला रडू फुटलं. हसलास तर बघ.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. 'बाई, मला शंका आहे' हे तिचं उठता-बसता चालू असतं, म्हणून मी तिचं नाव शंकाबाई ठेवलंय. आई कपडे शिवायच्या दुकानात काजं-बटणं करते. मुलगी हाडकुळी, पण डोळे असे की आपण काही लपवलं तर ते तिला कळेलच. तिने काल विचारलं, "बाई, पेटी चुकली तर तिला कोण सांगतं?" मी म्हटलं, माझा दादा सांगतो. तिला पेटीशेजारची जागा दिली आहे. प्लग फक्त कोठीच्या भिंतीला आहे, म्हणून पेटी तिथे, म्हणून शंकाबाई तिथे. वर्गाची मोजणीदार म्हणून मिरवते आहे.

वीज दिवसातून तीनदा जाते, त्यासाठी एक जनरेटरही आलाय. तो आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलाय. चालू झाला की माझं मलाच ऐकू येत नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी,
ठमी

१५ जुलै

प्रिय ठमे,

पत्र दोन्ही हातांनी धरून वाचलं. वहिनी साक्षीला आहे.

तुझ्या चौथीचे सगळे धडे मी लिहिलेत, हे पोरांना सांगितलंस की नाही? पडद्यावर रडणारं ते अस्वल माझ्याच डोक्यातून निघालंय. प्रत्येक मोजणीला आम्ही हद्द घालून दिली आहे. आकडा हद्दीत आला तर हिरवी खूण आणि टाळ्या. बाहेर गेला तर अस्वल डोळे पुसतं आणि म्हणतं, 'अरेरे! पुन्हा मोजूया.' मुलं चुकून पेटी उलटी धरतात, तिच्यावर फुंकर मारतात, त्यासाठी ही सोय. फक्त हिरव्या खुणाच थेट आमच्याकडे येतात आणि त्यावरून शाळांचे क्रमांक लागतात. तेव्हा शंकाबाईला सांग, पेटी चुकली तर अस्वल सांगतं.

सगळं नीट चाचण्या घेऊन केलंय. काळजी करू नकोस.

तुझ्या पत्राने अण्णा आठवले. बॉयलरवर दर अर्ध्या तासाला काटा बघून रजिस्टरात लिहायचे. साहेब म्हणायचा, सगळीकडे साठच लिहा, दिसायला बरं दिसतं. अण्णा त्रेसष्ट तर त्रेसष्टच लिहायचे. बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. आई म्हणायची, साठाच्या वरच्या त्या तिनांनी माझं घर खाल्लं. आता तुझ्या वर्गात सत्तावीस अण्णा तयार होणार म्हणायचे!

तुझा,
दादा

२२ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं अस्वल रडून रडून बेजार झालंय.

तापमान झालं, आवाज झाला, ऊन झालं. सगळं हिरवं. या महिन्यात 'आपल्या वर्गाची हवा' हा धडा काढला आणि गाडी अडली. धड्यात लिहिल्याप्रमाणे दारं-खिडक्या लावून घेतल्या, शंकाबाईने बटण दाबलं. आकडा आला ३८. हद्द पंधराची. अस्वलाचे डोळे भरले. पुन्हा मोजलं, ४१. पुन्हा, ४०. पोरं अस्वलाबरोबर भोकाड पसरायची नक्कल करू लागली आणि तास गेला.

मला सांग, हा 'हवेचा आकडा' म्हणजे कशाचा आकडा? तापमान म्हटलं की मला कळतं. हवेचा आकडा म्हणजे काय? धूळ? वास? धड्यात कुठेच लिहिलेलं नाही. शंकाबाईने हेच विचारलं. "उद्या सांगते" म्हणाले. त्याला आज आठ दिवस झाले.

बाकी वर्ग झकास दिसतो. पडद्यावर उजेड पडत होता म्हणून मी खिडक्यांना काळा कागद चिकटवला, तीन रविवार गेले त्यात. जनरेटरही आता आत आणलाय. शेड गळत होती, आणि समोरच्या घरातले आजोबा आवाजासाठी रोज भांडायला यायचे. शिपाईकाकांनी धुराच्या नळीला लांब पाइप जोडून तो झरोक्यातून बाहेर काढलाय. कानठळ्या थांबल्या. आता नुसता शंकाबाईच्या भिंतीमागे गुरगुरत असतो. मध्येच वीज जाऊ नये म्हणून पडद्याच्या तासाला आम्ही तो लावूनच ठेवतो.

एक मात्र आहे. पडद्याचा तास असला की पोरं पेंगतात. डोकं दुखतं म्हणतात. माझंही दुखतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. चाळिशी कोणाला चुकली आहे?

लवकर लिही, आकडा कशाचा ते.

तुझी,
ठमी

३ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

तुझं पत्र आलं तेव्हा आमच्याकडे नुसती लग्नघाई चालली होती. डिसेंबरात मोठे पाहुणे दहा शाळा बघणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर पेट्या आणखी हजार शाळांत जातील, आणि मला माझा स्वतःचा विभाग मिळेल. त्या दहात मी तुझी शाळा घातली आहे. मुख्याध्यापकांना आत्ताच सांगू नकोस, नाहीतर ते आजपासून टाय बांधतील.

हवेचा आकडा. अगं, एका वायूचं नाव होतं तिथे. चौथीच्या पोरांची जीभ वळणार नाही असं लांबलचक. मी काढून टाकलं. लहान मुलांना नावाशी काय करायचंय? आकडा कमी म्हणजे हवा छान, एवढं कळलं की झालं. पहिल्या खेपेच्या पेट्या जरा तापट आहेत, वर्गात उगाच चढे आकडे दाखवतात. आणखी दोन शाळांची हीच तक्रार आहे. उपाय सोपा आहे. पेटी घे, आवारात जा, झाडाखाली मोज, हिरवी खूण मिळव आणि पुढच्या धड्याला लाग. धडा मोजायला शिकवण्याचा आहे, हवेचा नाही. तुझ्या शाळेच्या नावापुढे हिरव्या खुणा दिसल्या नाहीत तर मी तिला दहात ठेवू कसा?

पेंगण्याचं म्हणशील तर पडद्यापुढे मोठी माणसंही पेंगतात. आमच्या मीटिंगला येऊन बघ.

तुझा,
दादा

२८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

अभिनंदन कर. हवेच्या धड्यात आमची शाळा पहिली! सदतीस मोजण्या, सदतीस हिरव्या. मुख्याध्यापकांनी ते कागदावर छापून दाराशी लावलंय. तू सांगितलंस तसं मी पेटी झाडाखाली नेते, २ किंवा ३ येतो, अस्वल टाळ्या वाजवतं. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, "बाई, पण हा तर आवाराचा आकडा." मी म्हटलं, हवा सगळीकडे एकच असते. दादा, मी विज्ञान शिकवते.

सगळ्या पोरांनी मुकाट्याने मानलं. एक सोडून. शंकाबाई वर्गातला आकडा टॅबलेटवर बघून स्वतंत्र वहीत लिहिते. रोज. तारीख, वेळ, पडदा चालू की बंद, सगळं आखून. पडदा बंद: १२. पडदा चालू: ६७. पडदा बंद: १५. पडदा चालू: ८८. मी समजावलं, मग रागावले, मग प्रत्येक आकड्यावर लाल फुली मारून पुढे लिहिलं, 'चूक. पुन्हा मोज.' ती पुन्हा मोजते आणि पुन्हा तेच लिहिते. शेवटी म्हणाली, "बाई, मला शंका आहे. पडदा हवा खातो का?" अख्खा वर्ग हसला. मीही हसले. हसताना डोक्यात घण बसत होते.

दोन पोरांना गेल्या आठवड्यात उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, काहीतरी उघड्यावरचं खाल्लं असेल. थंडी वाढल्यापासून दारही लावूनच घ्यावं लागतं.

पाहुणे दहा डिसेंबरला येणार हे पक्कं ना? मुख्याध्यापकांनी ठरवलंय की शंकाबाईने त्यांच्यासमोर वर्गातच पेटी चालवून दाखवायची. पाहुण्यांना झाडाखाली कुठे नेणार? तेव्हा वर्गातच हिरवी खूण आली पाहिजे. मी तिच्याकडून तयारी करून घेते. हट्टी आहे, पण मीही काही कमी नाही.

तुझी,
ठमी

६ डिसेंबर

प्रिय ठमे,

घाईत लिहितो आहे. पाहुणे दहा तारखेलाच, सकाळी अकरा वाजण्याच्या सुमाराला. पडद्यावर धूळ नको. पोरांना आधी टाळ्या वाजवायला शिकवून ठेव, ऐन वेळी लाजतात. 'पडदा हवा खातो' हे मी इथे सगळ्यांना सांगितलं, मीटिंगमध्ये हशा पिकला. तुझी शंकाबाई मोठी होऊन आमच्या नोकऱ्या खाणार.

वहिनीने तुझ्यासाठी स्वेटर विणलाय, पाहुण्यांबरोबर पाठवतो.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझं सप्टेंबरचं पत्र पुन्हा काढून वाचलं. जनरेटर 'आत' म्हणजे नेमका कुठे? कोठीत का? आणि कोठी वर्गाला लागून आहे का? पडदा चालू असतानाच आकडा का चढतो ते त्यावरून कळेल. पुढच्या पत्रात लिही. तोवर एखादी खिडकी उघडी ठेवत जा.

१३ डिसेंबर

प्रिय ठमे,

चार दिवस फोन लावतो आहे. तू उचलत नाहीस. मुख्याध्यापकांकडून सगळं कळलं. मुलगी शुद्धीवर आली हे ऐकून देवापुढे हात जोडले.

आता मी लिहितो ते शांतपणे वाच. चौकशी बसते आहे. आमच्याकडच्या नोंदीत तुमच्या वर्गाची प्रत्येक मोजणी हिरवी आहे, त्यामुळे पेटीवर आणि धड्यांवर काही येत नाही. तुझ्यावरही येत नाही. मुलीला आधीपासून काही दुखणं असेल, उपाशी आली असेल, नाहीतर शिपायाने जनरेटर नको तिथे ठेवला, यापलीकडे ते जाणार नाहीत. शिपाई निवृत्तीला आलेला माणूस आहे. त्याला फार काही होणार नाही.

फक्त ती वही आहे. आणि माझी पत्रं. वही तुझ्याकडेच असेल. तिचं काय करायचं ते मी लिहायला हवं का? प्रत्येक पानावर तुझं लाल पेन आहे, ठमे. ती वही पहिला घास तुझाच घेईल. मी तुझ्यासाठी सांगतो आहे. पंधरा वर्षांची नोकरी एका वहीपायी घालवू नकोस. हे पत्रसुद्धा वाचून झालं की चुलीत घाल.

तुझा,
दादा

५ जानेवारी

दादा,

तुझं सहा तारखेचं पत्र अकराला पोचलं. मी नऊची संध्याकाळ, दहा आणि अकराची दुपार दवाखान्याच्या बाकावर काढली होती. घरी आले तर पाकीट दाराच्या फटीत अडकलेलं. पाहुण्यांची वेळ, टाळ्या, स्वेटर, आणि खाली ता. क. मी ते उभ्याने वाचलं. मग फरशीवर बसले आणि पुन्हा वाचलं.

तुला सहा तारखेला कळलं होतं. तुझ्या टेबलावर फोन होता. मी तुला फोनवरून चिडवते, पण जीवाचं काही असतं तर मी उचलला नसता का? तू ते शेपटीला जोडलंस आणि पोस्टात टाकलंस. का, ते मला कळतं. फोन केला असतास तर जनरेटर बंद कर म्हणावं लागलं असतं, मग पडदा बंद, मग दहाचे पाहुणे बंद. पत्र पाच दिवसांनी पोचतं हे तुला पाठ आहे.

आता माझं ऐक. मुख्याध्यापकांनी तुला सांगितलं ते अर्धंच आहे, कारण उरलेलं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

नऊ तारखेला सकाळपासून वीज नव्हती, म्हणून जनरेटर आठलाच सुरू केला. साडेदहाला सगळ्या वर्गांना स्वागतगीताच्या सरावासाठी आवारात काढलं. शंकाबाईला मी मागे ठेवलं. आदल्या आठवडाभर ती मला तेच आकडे दाखवत होती आणि उद्या पाहुण्यांसमोर माझी लाज जाणार होती. मी तिला म्हणाले, "आज हिरवी खूण आल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. नीट मोज. दार लावून घे, धड्यात लिहिलंय ना तसं." ती म्हणाली, "बाई, माझं डोकं दुखतंय." मी म्हणाले, "बहाणे नकोत."

असं म्हणाले मी. याच शब्दांत. इतके दिवस कोणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून तुला लिहिते आहे.

गीत नीट बसेना. मुख्याध्यापकांनी पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. पाऊण तासाचे दोन तास झाले. दार शिपाईकाकांनी उघडलं, तेही पडदा पुसायचा होता म्हणून. ते ओरडले तेव्हा मी धावले. ती बाकावर डोकं ठेवून होती. गाल गुलाबी दिसत होते. मला वाटलं, झोप लागली. एक क्षणभर मला तिचा राग आला. समोर पडद्यावर तुझं अस्वल डोळे पुसत होतं आणि म्हणत होतं, 'अरेरे! पुन्हा मोजूया.' शिपाईकाकांनी तिला उचललं तेव्हाही ते म्हणतच होतं.

कोठीत धुराचा पाइप सांध्यापाशी निखळून पडला होता. पण त्या आधीचे तीन महिने तो थोडा थोडा गळतच होता, हे वहीत आहे.

वहीचं शेवटचं पान तुला उतरवून पाठवते.

'९ डिसेंबर. पडदा चालू. दार बंद. १९०. पुन्हा मोजले २३५. पुन्हा मोजले २९०. पुन्हा मोजले ३४०. बाई म्हणाल्या म्हणून पुन्हा मोजले ४१५. पुन्हा मोजले.' 

त्यापुढे एक पाच आहे. तो आडवा होऊन रेघेबाहेर गेलाय. पुढचे दोन आकडे लिहिले नाहीत.

दादा, हे मूल हिरव्या खुणेसाठी एक आकडा बदलू शकलं असतं. वहीत काय लिहायचं ते तिच्या हातात होतं. पेटीवर फुंकर मारली असती, पेटी दाराबाहेर धरली असती. मीच तिला ते करून दाखवलं होतं, सदतीस वेळा.

चौकशीची माणसं वीस तारखेला आली. दाराशी लावलेला कागद बघून त्यातला एक म्हणाला, तुमच्या वर्गाची हवा तर सगळ्या शाळांत पहिली. मग शिपाईकाकांना आत बोलावलं. दीड तास. बाहेर आले तेव्हा त्यांना स्वतःच्या चपला सापडेनात, पायासमोर होत्या तरी. "बाई, पाइप मीच जोडला ना," एवढंच म्हणाले. शंकाबाईच्या आईला चौकशीवाल्यांनी विचारलं, घरात कोणाला फिट येतात का, मुलगी सकाळी जेवून आली होती का. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच सांगा हो यांना, माझी पोर कधी उपाशी आलीय का शाळेत?" मला तिच्याकडे बघवेना. ती माझा आधार मागत होती.

तेव्हा मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. फुल्यांसकट. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "या लाल फुल्या कोणाच्या?" मी म्हटलं, माझ्या. "आकडे बरोबर होते?" मी म्हटलं, सगळे.

आदल्या दिवशी लाल पेन उघडून बसले होते. वाटलं, प्रत्येक फुलीशेजारी 'बरोबर' लिहावं. मग टोपण लावलं. नंतर लिहिलेलं ते नंतर लिहिलेलंच. पुन्हा झाडाखाली नेऊन मोजल्यासारखं झालं असतं.

मला कामावरून थांबवलंय. ते ठीकच झालं. तुझी पत्रंही त्यांना देणार आहे. अजून दिली नाहीत. एवढ्यासाठी थांबले की, पेटी उघडायला एक कारागीर आला होता. त्याने झाकण काढून आत बोट दाखवलं आणि म्हणाला, "बाई, यात शिट्टी आहे. पन्नासच्या वर गेलं की कानाचे पडदे फाटतील अशी वाजते. कोणीतरी मुद्दाम बंद केलीय." मी विचारलं, या शाळेत? तो म्हणाला, "नाही, आली तीच बंद करून."

शिट्टी कोणी बंद केली, दादा? फोनवर सांगू नकोस. कागदावर लिही.

शंकाबाई घरी आली आहे. मी रोज जाते. तिची आई मला आत घेते, अजून सगळं कळायचंय तिला. उद्या मीच सांगणार आहे. मुलगी चालते, भरवलं तर जेवते. आईला ओळखते. मला ओळखते की नाही ते समजत नाही. पाटीवर आकडे लिहून दाखवले, नऊपर्यंत म्हणते आणि थांबते. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट बघू. मी तिच्यापुढे बसून म्हटलं, तुझे आकडे बरोबर होते, बाई चुकल्या. ती भिंतीकडे बघत राहिली. मग मी म्हटलं, विचार ना काहीतरी. काहीही विचार.

काही विचारलं नाही.

ठमी

१४ जानेवारी

ठमे,

शिट्टी मी बंद केली.

गेल्या वर्षी तीन शाळांत चाचणी होती. मी एकाही शाळेत गेलो नव्हतो. फोनवरून विचारलं. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, पेटी सारखी वाजते, तास होत नाही. तिथे वर्गाच्या खिडकीखाली सिमेंटच्या कारखान्याचा ट्रक उभा असायचा, इंजिन चालू ठेवून. मी विचार केला नाही की पेटी का वाजते. विचार एवढाच केला की ती वाजायची थांबेल कशी. शिट्टी बंद केली, धुरातल्या त्या विषारी वायूचं नाव काढलं आणि त्या जागी अस्वल घातलं. बाईंनी नंतर आभाराचं पत्र पाठवलं. ते मी फ्रेम करून लावलं होतं.

सहा तारखेला माझा हात फोनवर होता. तू लिहिलंस ते बरोबर आहे, त्यात माझं आणखी काही नाही.

काल हे सगळं लिहून सही करून चौकशीवाल्यांना दिलं. माझ्याकडची तुझी पत्रंही दिली. ज्या शाळांत पेट्या गेल्यात त्यांची यादी घेऊन सकाळपासून फोन करत होतो. दोनशे चौदा शाळा. शंभराव्या फोनपर्यंत आवाज गेला, मग वहिनीने लावून दिले आणि मी नुसतं म्हणत गेलो, जनरेटर बंद करा, खिडक्या उघडा. एका शाळेने विचारलं, पण आमच्या सगळ्या खुणा हिरव्या आहेत, आम्ही का उघडू? त्यांना मला आधी विचारावं लागलं, तुम्हीही झाडाखालीच मोजता ना? मग पलीकडे खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.

शिपाईकाकांना सांग, पाइपाबद्दल जे म्हणायचं ते मी लिहून दिलंय. पेटी वाजली असती तर त्याच दिवशी त्यांनी जनरेटर बाहेर काढला असता. तिच्या आईला तू तुझं सांगितलं असशील, माझं मला येऊन सांगायचंय. रविवारच्या गाडीने निघतो. मला स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, मी विचारत विचारत येईन.

आज शंकाबाईने काही विचारलं का?

दादा